एक वजा

शिसवी पेटी. आतली मखमल कसरीनं खाल्लेली,
तरी प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाची गादी.
जैबून शिकलगारनं ती माझ्या लेथशेजारी टेकवली.
"मिस्त्री, अब्बांचा हा गेज तेवढा बघा.
जबडा मिटला तरी काटा शून्यावर येत न्हाई."

पितळी गेज, मराठी चारच्या आकड्यासारखा,
दोन पाय एकमेकांत अडकलेले.
वर चिमटीत धरायचा माणकाचा खडा,
खाली कमानीवर काटा सांगणार त्याचं अंग.
रेघा इतक्या दाट
की चष्म्यावर भिंग लावावं लागलं,
मला, ज्याचं घर उद्यमनगरात
पंपाचे दांडे मायक्रॉनात मोजून चालतं.

पेटीत आणखी:
भोकं मोजायच्या सुया, पहिली केसाहून बारीक,
दोन पायांची सळई, मागे स्क्रू,
एक घासून घासून अर्धा उरलेला चिमटा,
आणि काचेच्या नळ्यांत, बुचांखाली,
नाचणीच्या दाण्याएवढे लाल खडे.
गुजरीत दाखवले होते, ती म्हणाली.
सराफ हसला. भट्टीतलं माणिक,
त्यात मधोमध भोक पाडलेलं,
चहासुद्धा सुटायचा नाही यावर.
"आता भोक नसलं तर चाकाचं टोक फिरणार कुठं?
त्याच्या डोक्यात?"

मी जबडे पुसून उजेडात धरले.
कधीतरी फरशीवर पडलेला गेज.
माझ्या डिजिटल यंत्राशी ताडून पाहिला:
बरोब्बर एक रेघ जास्त सांगतोय.
सोपं काम. काटा वाकवायचा,
चहा येईस्तोवर होईल.

पक्कड उचलली, तर ती वही उघडून बसलेली.
लाल कापडी पुठ्ठा, पापाच्या तिकटीवरच्या दुकानातली.
रेल्वेवाल्यांचं, वरचा खडा, बावीस.
इनामदारांचं, झाकणाचं, सतरा, पाणी गेलंय.
मिरजेचे डॉक्टर, एकोणीस, पैसे नंतर.
नळ्यांवरच्या चिठ्ठ्याही याच भाषेत.
मी तीन खडे काढून मोजले.
तिन्ही आकडे एकानं वर.

"पहिलं पान बघू," मी म्हटलं.
पहिल्या पानावर काहीच नव्हतं,
फक्त मधोमध, निळ्या शाईत:
एक वजा.
"मला वाटलं उधारी असंल कुणाची," जैबून म्हणाली.
"रुपया द्यायचा राहिला असंल."

घेतला तेव्हाच पडका होता तो.
म्हणून तर परवडला असणार.
आणि त्या माणसानं काटा सरळ केला नाही,
चूक तेवढी पाठ केली,
बाहेरून खडा मागवताना एक उतरवला,
घरात मात्र गेज म्हणेल तेच खरं.
आज मी काटा वाकवला असता
तर चाळीस वर्षांची वही
एका फटक्यात खोटी झाली असती.
पक्कड ठेवून दिली.

"मग जरा लेथ बंद करता? जमीन हलतीय."
ती तिथंच बसली, माझ्या बाकावर,
गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून.
दोन पायांची सळई चिमटीत फिरत गेली,
पितळेची कड हळूच उलगडली,
तडकलेला खडा भिंगाच्या काचेवर आला.
नळीतला दुसरा आत बसला.
मग उलट्या अंगानं फिरवत फिरवत
तिनं त्या कडेला मुरड घातली,
कानवल्याला घालतात तशी,
फक्त हा कानवला दिसत नव्हता.

बॅलन्स टाकला. हलेना.
तिनं फुंकर मारली नाही, शिवी दिली. मग हलला.

पेटी बंद करून ती गेली, पैसे विचारले नाहीत,
मी सांगितले नाहीत.
लेथ लावला. शेजारच्या फौंड्रीत ओतणी सुरू झालेली.
संध्याकाळच्या पहिल्याच दांड्याला
मी उगाच एक वजा केला.
वाया गेला तो.
भंगारात टाकला नाही.
खिडकी वाऱ्यानं आपटायची, तिला अडसर लावलाय.